सुरुवात काळ्यापासून

डोळ्यांचा मेकअप शिकवणारे नवशिक्या मुलीला पहिला सल्ला देतात तो हा की आधी फिकट रंगांवर हात बसव, गडद रंगांचं पुढे बघू. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण मला तो पटत नाही, आणि हे पुस्तक त्याच्या नेमक्या उलट दिशेने लिहिलं आहे. फिकट रंगात चूक दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती सुधारतही नाही. वर्षभर रोज बदामी आणि फिकट गुलाबी शेड लावणारी मुलगी वर्षानंतर काळ्याला हात लावायला तितकीच घाबरलेली असते. काळा, गर्द तपकिरी, अंजिरी हे रंग काही झाकून ठेवत नाहीत. ब्रश जिथे नको तिथे गेला की आरसा त्याच क्षणी सांगतो, आणि हात शहाणा होतो. म्हणून इथे सुरुवात काळ्यापासून आहे.

पुस्तकाचा विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. संध्याकाळच्या समारंभासाठी डोळे गडद, ठसठशीत, दुरून नजरेत भरतील असे कसे रंगवायचे, आणि काजळाच्या कांडीपलीकडे ज्या हाताने आजवर काही धरलेलं नाही त्या हाताने ते कसं जमवायचं, एवढंच. फाउंडेशन, गाल, ओठ यांचा उल्लेख जिथे अडतो तिथेच येतो. लग्नाचं रिसेप्शन, ऑफिसची पार्टी, कॉलेजचं गॅदरिंग, रात्रीचा गाण्याचा कार्यक्रम, असे प्रसंग डोळ्यांपुढे ठेवले आहेत. नेहमीच्या मेकअपवालीकडे वेळ मिळाली नाही म्हणून मन मारून काजळ आणि लिपस्टिकवर निघणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीला हे घरी, स्वतःच्या आरशात जमण्यासारखं आहे.

आधी प्रकाशाबद्दल बोलायला हवं, कारण संध्याकाळचा मेकअप वेगळा का, याचं सगळं उत्तर प्रकाशात आहे. दुपारी खिडकीशी बसून केलेले डोळे रात्री हॉलमध्ये गेल्यावर कुठे गेले, हा प्रश्न बहुतेकींना कधी ना कधी पडलेला असतो. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० ते ६५०० केल्विनचा, पांढरा, किंचित निळसर. घरातला किंवा हॉटेलातला पिवळा दिवा २७०० केल्विनच्या आसपास. त्या पिवळ्या प्रकाशात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळे डोळ्यांवरचा निळा, जांभळा, करडा रंग तिथे मलूल पडतो, कधी नुसता मळकट दिसतो. तांबूस, विटकरी, जुन्या सोन्यासारखा रंग मात्र त्याच दिव्याखाली पेटून उठतो. मोरपिशी शेड घेऊन पिवळ्या दिव्यांच्या हॉटेलात जेवायला जाणारीला कुणीतरी हे आधी सांगायला हवं असतं.

मंगल कार्यालयाचा प्रकाश आणखी विचित्र. छतावरचे दिवे थेट डोक्यावर असतात. भुवईच्या हाडाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, आणि पापणीच्या घडीत कष्टाने भरलेला गडद रंग त्या सावलीत बुडून जातो. अशा ठिकाणी उघड्या पापणीवर काहीतरी उजेड परतवणारं हवं, नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग दिसतात. स्टेजवर गेलं की चित्र उलटं. व्हिडिओवाल्याचा दिवा समोरून येतो आणि चेहऱ्यावरच्या सगळ्या नैसर्गिक सावल्या पुसून टाकतो. खोबणी सपाट होते, नाक सपाट होतं. तिथे घडीतला गडद रंग हवाच, कारण दिव्याने पुसलेली खोली परत आणणारं दुसरं काही नसतं. एकाच रात्री एकाच चेहऱ्याला या दोन्ही प्रकाशांत वावरायचं असतं. म्हणून खोबणीत मॅट गडद आणि पापणीच्या मधोमध चमक, ही जोडी इतकी वर्षं टिकली. फॅशन म्हणून ती आली असती तर केव्हाच गेली असती.

फोटोचा एक धोका इथेच सांगते. पडलेला रंग झेलण्यासाठी डोळ्यांखाली जी पारदर्शक पावडर थापतात, तिच्यात सिलिका जास्त असेल तर आरशात ती दिसत नाही, पण फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात. घरातून निघण्याआधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघावा.

आता कडांविषयी, ज्यासाठी खरं तर हे पुस्तक लिहिलं. गडद डोळा चांगला दिसतो की मारामारी झाल्यासारखा, हे रंग किती लावला यावर ठरत नाही. तो रंग कुठे आणि कसा संपतो यावर ठरतं. काळा रंग पापणीवर लावायला अर्धं मिनिट पुरतं. उरलेला सगळा वेळ त्याची कड विरवण्यात जातो, आणि जायला हवा. नवशिकी मुलगी नेमकं उलटं करते. कड तशीच राहते आणि ब्रश मधोमध फिरत राहतो, कारण मधला भाग मोठा असतो आणि तिथे काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्याने मधला काळा रंग उडून करडा होतो आणि कड जशीच्या तशी ठळक राहते. मधल्या रंगाला लावल्यावर पुन्हा हात लावायचा नाही, हा या पुस्तकातला सर्वांत कडक नियम.

काळा रंग थेट त्वचेत विरत नाही. कितीही घासा, काळ्याचा करडा होईल आणि करड्याची पुन्हा एक कड दिसेल. काळा आणि त्वचा यांच्या मध्ये एक तिसरा रंग लागतो, त्वचेपेक्षा दोन छटा गडद, मॅट, उबदार तपकिरी. मेकअपवाल्यांच्या बोलीत ही ट्रान्झिशन शेड. ती आधी लावायची, घडीच्या किंचित वर, मोकळ्या केसांच्या ब्रशने, ब्रशची दांडी शेवटच्या टोकाशी धरून. दांडी केसांजवळ धरली की हाताचं वजन पापणीवर येतं, आणि पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिला वजन सोसत नाही, ती ओढली जाते आणि रंगाचे चट्टे पडतात. मग काळी पेन्सिल पापण्यांच्या केसांच्या मुळाशी जाडसर ओढायची आणि ती सुकण्याआधी बोटाने किंवा बारीक ब्रशने वर पसरवायची. तिच्यावर काळी पावडर थोपटून बसवायची. थोपटून, घासून नाही. पेन्सिलीतल्या मेणाला पावडर चिकटते आणि पावडर मेणाला हलू देत नाही. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत रात्री अकरापर्यंत डोळे जागेवर राहायचे असतील तर या दोघांची गरज आहे. नुसती पावडर तेलकट पापणीच्या घडीत जाऊन बसते आणि नुसती पेन्सिल डोळ्यांखाली उतरते.

यानंतर रंग न लावलेला स्वच्छ ब्रश घ्यायचा आणि काळ्याची वरची कड जिथे तपकिरीला भेटते तिथेच, तेवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात, लहान लहान हेलकाव्यांनी फिरवायचा. आपण थांबावं असं वाटतं त्याच्या पुढेही थोडा वेळ. बाहेरच्या कोपऱ्यात रंग किती पुढे न्यायचा याला एक सोपी मर्यादा आहे. नाकपुडीच्या बाजूपासून भुवईच्या टोकापर्यंत ब्रशची दांडी तिरपी धरली की जी रेषा मिळते, तिच्या पलीकडे रंग गेला की डोळा खाली ओघळल्यासारखा दिसतो.

चेहऱ्याचा बाकीचा मेकअप या सगळ्यानंतर. काळी पावडर गालांवर झडतेच, कितीही जपून लावली तरी. फाउंडेशन आधी लावून बसलेल्या मुलीला मग तो काळा सडा पुसताना फाउंडेशनही पुसावं लागतं.

डोळ्यांच्या आकारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्याची तक्त्यांसारखी वर्गवारी केलेली नाही. बदामी डोळे, गोल डोळे अशा नावांच्या चौकटींत माणसांचे डोळे बसत नाहीत. दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या. डोळा उघडा असताना घडी दिसते की वरची त्वचा तिच्यावर उतरते, आणि डोळा खोल आहे की वर आलेला. घडी झाकली जात असेल तर डोळे मिटून केलेलं सगळं काम डोळे उघडल्यावर गडप होतं. अशा वेळी आरशात सरळ बघत, डोळे उघडे ठेवून, घडीच्या वर नवी घडी रंगवावी लागते. खोल डोळ्यांच्या खोबणीत काळा भरला तर ते आणखी आत जातात. तिथे काळा केसांच्या मुळाशीच ठेवावा. आणि चष्मा! लांबचं न दिसणाऱ्यांच्या, म्हणजे वजा नंबरच्या काचेमागे डोळा लहान दिसतो, तिथे रंग बिनधास्त वाढवावा. अधिक नंबरची काच डोळा मोठा करते आणि त्यासोबत न विरलेली प्रत्येक कडही मोठी करते. चष्मा लावणाऱ्या बायकांना मेकअपच्या पुस्तकांनी कायम वगळलं. इथे त्यांच्यासाठी पुरेशी जागा दिली आहे.

वर्णाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. सावळ्या आणि काळ्या मुलींना आपल्याकडे लहानपणापासून सांगितलं जातं की भडक काही लावू नकोस, शोभणार नाही. मेकअपच्या खुर्चीत बसल्यावरही त्या दबक्या आवाजात तेच म्हणतात. ही गोष्ट खोटी आहे. गडद त्वचेवर तांबं, जुनं सोनं, डाळिंबी, गर्द जांभळा जसे खुलतात तसे गोऱ्या त्वचेवर खुलत नाहीत, कारण तिथे धातूच्या चमकेला मागे हवी असलेली खोली त्वचाच देते. अडचण असते ती स्वस्त शेड्सची. रंग हलका करण्यासाठी त्यांच्यात टायटॅनियम डायऑक्साइडची किंवा टाल्कची भर घातलेली असते आणि ती सावळ्या त्वचेवर राखेसारखी दिसते. दोष पावडरीचा असतो आणि मुलगी तो स्वतःच्या रंगाला लावून घेते. या पुस्तकातल्या सगळ्या शेड्स गव्हाळ ते गडद त्वचा धरून सांगितल्या आहेत. पापण्यांवर मुळातच काळसरपणा असणं भारतीय त्वचेत अगदी नेहमीचं आहे. गडद डोळ्यांसाठी तो झाकायची गरजच नसते, तोच पहिला थर समजून पुढे जावं.

नऊवारी, नथ आणि चंद्रकोर यांच्यासोबत गडद डोळे करावेत का, हेही बऱ्याच जणी विचारतात. करावेत, पण करडा-काळा धुरकट डोळा तिथे परका वाटतो. त्याऐवजी गर्द तपकिरीत डाळिंबी मिसळून केलेला डोळा नथीतल्या मोत्यांना आणि कुंकवाला धरून राहतो. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने पदर हलला की रंग बदलतो. तशाच दुरंगी शेड्स आता सहज मिळतात. त्यांत अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि त्या थराच्या जाडीनुसार परतणाऱ्या प्रकाशाचा रंग ठरतो. गर्द तपकिरीच्या मधोमध बोटाने दाबून लावलेली अशी एखादी शेड पैठणीसोबत फार देखणी दिसते.

अभ्रकाचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही वाचकाला माहीत असावी. डोळ्यांवर जे चमकतं त्यातलं पुष्कळसं अभ्रक झारखंडमधल्या कोडर्मा-गिरिडीह पट्ट्यातून येतं, आणि तिथल्या सोडून दिलेल्या खाणींतून लहान मुलं अभ्रकाचे तुकडे वेचतात हे वारंवार उघड झालं आहे. या पुरवठ्यावर देखरेख ठेवण्यासाठी २०१७ साली कंपन्या आणि संस्थांनी एकत्र येऊन रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह सुरू केलं. प्रयोगशाळेत तयार केलेलं कृत्रिम अभ्रकही मिळतं. वेष्टनावर ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट (Synthetic Fluorphlogopite) या नावाने लिहिलेलं असतं. पर्याय असेल तेव्हा ते नाव बघून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

डोळे रंगवणं हा काही आजचा नाद नाही. कैरोच्या संग्रहालयात नार्मर राजाची पाटी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० वर्षांची. तिच्यावर दोन प्राण्यांच्या लांब माना एकमेकींत गुंफून मधे एक गोल खळगा केलेला आहे. डोळ्यांसाठी रंग वाटायच्या ज्या साध्या दगडी पाट्या त्या काळी वापरात होत्या, त्यांचंच हे राजेशाही रूप. हिरव्यासाठी मॅलाकाइट आणि काळ्यासाठी गॅलेना वाटत. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, आणि सुरम्याच्या नावाखाली ते आजही काही ठिकाणी विकलं जातं. शिसं शरीरात साठतं, मुलांच्या मेंदूला इजा करतं. भारतातल्या नियमांनुसार प्रसाधनांच्या रंगद्रव्यांत शिसं दहा लाख भागांत २० भागांच्या वर चालत नाही. बिनलेबलाच्या डबीत हा नियम पाळला आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ती घ्यायचीच नाही. आपल्या घरातलं काजळ वेगळं होतं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं धरून काजळी जमवायची आणि तुपात खलायची. त्यात शिसं नव्हतं, तरी तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बोटाने काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात ते ऐकावं.

मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल रंग काळा दिसे, त्यामुळे नटांचे चेहरे आणि डोळे त्या हिशेबाने रंगवावे लागत. पुढे १९६३च्या ‘क्लिओपात्रा’त एलिझाबेथ टेलरने आणि आपल्याकडे त्याच दशकात शर्मिला टागोर, साधना, आशा पारेख यांनी लांब ओढलेल्या लायनरने एक पिढी वेडी केली. १९५२ साली टाटांनी सुरू केलेल्या लॅक्मेमुळे ती प्रसाधनं मध्यमवर्गीय ड्रेसिंग टेबलापर्यंत पोहोचली. रंगभूषेत मराठी माणसांचं नाव मोठं आहे. पंढरीदादा जुकरांनी हिंदी चित्रसृष्टीतल्या कित्येक पिढ्यांचे चेहरे घडवले. विक्रम गायकवाडांना २०११च्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन्हींच्या रंगभूषेबद्दल मिळाला. एकात पुरुषाला स्त्री करायचं होतं, दुसऱ्यात डोळ्यांनीच पडदा व्यापायचा होता.

आणि याच मुंबईत, याच धंद्यात, बाईला चित्रपटाच्या सेटवर मेकअप करायला बंदी होती. तिने केस करावेत, चेहरा पुरुषाने रंगवावा, असा रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम अनेक दशकं चालला. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. रोज घरी आरशासमोर उभं राहून जे कौशल्य बायका वापरतात, ते चित्रपटाच्या सेटवर पैसे मिळवण्यासाठी वापरायला त्यांना एकविसाव्या शतकातलं एक दशक उलटून जाईपर्यंत थांबावं लागलं. या पुस्तकाने एखादी मुलगी या व्यवसायाकडे वळली तर मला मनापासून आनंद होईल.

डोळ्यांच्या जपणुकीचं प्रकरण वगळून कुणी पुढे जाऊ नये. काजळ, लायनर, मस्कारा एकमेकींत वाटून वापरू नये, सख्ख्या बहिणींनीही नाही. २०२३च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ कशी पसरली होती हे अनेकांच्या लक्षात असेल. डोळे आलेले असताना वापरलेली पेन्सिल फेकूनच द्यावी. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांनी टाकावा. शाळेच्या क्राफ्टची चमकी डोळ्यांवर कधीही लावू नये, तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडा उठतो. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप काढण्याच्या आधी काढायच्या. मेकअप काढताना कापसाचा बोळा क्लेन्झरमध्ये भिजवून मिटल्या डोळ्यावर वीसेक सेकंद नुसता धरून ठेवायचा, मग खाली ओढायचा. घासायचं नाही.

साहित्य फारच थोडं लागतं: एक मऊ काळी पेन्सिल, एक मॅट तपकिरी शेड, एक मॅट काळी, एक चमकदार, दोन ब्रश, मस्कारा. चाळीस रंगांचं पॅलेट भेट मिळालं असेल तर त्यातले हे तीन रंग शोधा आणि बाकीच्यांवर तूर्त कागद चिकटवा. पहिलं प्रकरण नुसत्या पेन्सिलीचं आहे, दुसरं तपकिरीचं, चमक येते ती थेट पाचव्यात. सराव कुठेही जायचं नसेल अशा संध्याकाळी करा, आणि ज्या दिव्याखाली तुमचा कार्यक्रम असेल तशाच दिव्याखाली. दोन्ही डोळे बरोबरीने पुढे न्या. एक पूर्ण करून दुसऱ्याकडे वळलात तर दुसरा जुळत नाही. उजव्या हाताने लिहीत असाल तर प्रत्येक पायरी डाव्या डोळ्यापासून सुरू करा. त्या डोळ्यापर्यंत जाताना हात चेहऱ्यासमोरून आडवा जातो आणि तिथेच तो अवघडतो. अवघड डोळा जसा जमेल तसा आधी होऊ द्या, सोप्या डोळ्याला त्याच्याशी जुळवून घेणं हाताला कठीण जात नाही.